उजव्या हातावरचा संशय

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ‘लाभार्थी’ हा शब्द टाइप करत होते. ‘लाभा’पर्यंत आले, आणि उरलेलं ‘र्थी’ तीन ओळी वर, एका भलत्याच वाक्याच्या मधे जाऊन बसलं. मी ते पुसलं, खाली आले, शब्द पुरा केला. दोन ओळी नीट गेल्या. मग कर्सर पुन्हा उडाला, या वेळी थेट पानाच्या माथ्यावर.

नोव्हेंबर होता. हवा इतकी खराब झाली होती की सरकारी कार्यालयांतल्या निम्म्या लोकांनी घरून काम करावं असा आदेश निघाला होता, आणि माझं नाव त्या निम्म्यांत आलं होतं. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक आहे. इंग्रजी कागद हिंदीत करायचे, गेली चोवीस वर्षं हेच काम. नागपूरहून दिल्लीला आले ती याच नोकरीसाठी. आता आम्ही गाझियाबादला राहतो. नवरा मानेसरला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नाही, म्हणून आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. एरवी घरात मी आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी.

लॅपटॉप मुलीचाच, जुना. तिने नवा घेतला तेव्हा जुन्यातली मंदावलेली सिस्टीम काढून टाकून कुठलीशी फुकट मिळणारी नवी सिस्टीम त्यात घातली आणि तो मला दिला. मी तो जेवणाच्या टेबलावर मांडला, चार्जर भिंतीला लावून ठेवला, खिडक्या बंद, हवा शुद्ध करणारं यंत्र कोपऱ्यात घुमतंय, आणि समोर वार्षिक अहवालाचं विधवा महिलांच्या योजनांवरचं प्रकरण. त्या दिवशी कर्सर किती वेळा उडाला ते मोजलं नाही. संध्याकाळी मानेत गोळा आला होता.

मुलीला सांगितलं. तिने मान वर न करता निदान केलं, “आई, तू हात टेकवतेस यार. तळवा टचपॅडला लागतो, त्याला वाटतं तू क्लिक केलंस.”

मी म्हटलं, मी हात टेकवत नाही. ती म्हणाली, सगळेच टेकवतात, कळत नाही.

मला ते लागलं, कारण टायपिंग मी माझ्या वडिलांकडून शिकले होते. उत्तर नागपुरात आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. बारा मशिनं. आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलामुलींना त्या बारा मशिनांवरच्या सरावाने सरकारी नोकऱ्या लागल्या. वडील मागून फिरत असायचे. कुणाचं मनगट खाली आलेलं दिसलं की न बोलता लाकडी पट्टी मनगट आणि मशिनच्या मधल्या जागेतून सरकवायचे. पट्टी अडली की तुम्ही चुकलात. माझी पट्टी कधी अडली नव्हती. त्यामुळे मुलगी हात टेकवण्याचं म्हणाली तेव्हा मी जरा तोऱ्यातच उत्तर दिलं. पण नंतर टाइप करताना बघितलं तर तळवा खरंच खाली येत होता. लॅपटॉपला पुढे ती एवढी मोकळी जागा असते, हात आपोआप तिथे विसावतो. चोवीस वर्षांत सवय बिघडली असणार.

तिने सेटिंग्ज उघडून दिल्या. माउस आणि टचपॅड अशी एक पाटी होती, तिच्याखाली पाच-सहा खटके. बोटाने नुसतं टेकलं तर क्लिक समजू नये, हा एक. टाइप चालू असताना टचपॅडने गप्प बसावं, हा दुसरा. तिने दोन्ही लावले, वेगाची पट्टी खाली ओढली आणि म्हणाली, “चलो, झालं.” दोन दिवस खरंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून बसले आणि अर्ध्या तासात एक अख्खा परिच्छेद आपोआप निवडला गेला, निळा झाला, आणि मी पुढचं अक्षर दाबताच नाहीसा झाला. मागे घेण्याची कळ दाबून तो परत आणला.

मुलगी म्हणाली, आण, मी बघते. लॅपटॉप उचलून ती पलंगावर मांडी घालून बसली आणि भराभर टाइप करायला लागली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मनाला येईल ते लिहीत होती, मुद्दाम तळवे टेकवून, जोरजोरात. कर्सर जागचा हलला नाही. तिने लॅपटॉप माझ्याकडे दिला. “अच्छा भला आहे. बघ ना.”

मी पाहिलं. पान भरलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की दोष लॅपटॉपमध्ये नाही.

हे कसं मनात आलं ते सांगायला हवं. मी तेवीस वर्षांची असताना वडिलांनी क्लास बंद केला. आता कॉम्प्युटर आले, मशिनवर कोण शिकणार, असं ते सगळ्यांना सांगत, आणि ते खरंही होतं, त्यामुळे कुणी दुसरं काही विचारलं नाही. पण त्याच्या आधीचं वर्षभर मी बघत होते की ते फिरताना उजवा हात पँटच्या खिशात ठेवतात. पट्टी डाव्या हातात आली होती. फळ्यावरचं अक्षर बारीक होत चाललं होतं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. मी बघत होते आणि बोलत नव्हते. क्लास बंद झाल्यावर वर्षभराने आजाराचं नाव कळलं, कंपवात, आणि मग ते आठ वर्षं जगले. शेवटची चार वर्षं त्यांना घास आईने भरवला. मी तोवर दिल्लीत होते, सुट्टीत जात असे. ते वारले तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती.

आता मी एकावन्न वर्षांची आहे. त्यांना सुरू झालं ते याच वयाच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजला गेल्यावर मी दार लावलं, उजवा हात समोर धरला आणि त्यावर कोरा कागद ठेवला. कागदाची कडा हलत होती. डावा हात धरला. ती कडाही हलत होती, पण कमी. की मला तसं वाटलं? पंखा बंद होता, पण ते हवेचं यंत्र चालू होतं, म्हणून ते बंद करून पुन्हा केलं. मग कपात काठोकाठ पाणी भरून स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत नेलं. मग जुन्या चेकबुकातली चार वर्षांपूर्वीची सही काढून तिच्याखाली आजची सही केली आणि भिंगाने पाहिली. ऑफिसचं काम तसंच पडलं होतं.

हा दिवसाचा क्रमच होऊन बसला. मी टाइप करायला बसे, कर्सर उडे, मी उठून हात बघे. हात बघून आले की भीतीने बोटं अधिकच कडक होत, मग चुका वाढत. टचपॅडचं बटण दाबायलाही आता जोर लागत होता, पूर्वी हलक्या बोटाने दबायचं ते. बोटातली ताकद चालली, असा मी त्याचा अर्थ लावला. टाइप करताना लॅपटॉप डुगडुगायचा. टेबलाचा पाय आखूड झाला असेल म्हणून मी कागदाची घडी करून खाली सारली, तरी डुगडुगतच राहिला. तेही मी माझ्याच हाताच्या खात्यात टाकलं.

मुलगी आपल्या परीने उपाय करत होती. तिने नेटवर शोधलं. जगभरच्या लोकांना हा त्रास होता, आणि त्यातल्या प्रत्येकाने वेगळं काहीतरी केलेलं. कुणी टचपॅडचा प्रोग्राम काढून दुसरा घातला होता. कुणी सिस्टीमच बदलली होती. एकाने सरळ टचपॅडवर पुठ्ठा चिकटवला होता. मला तो माणूस शहाणा वाटला. लग्नाच्या जुन्या पत्रिकेचा जाड कागद मापाने कापून मी टेपने चिकटवला. तासाभराने कर्सर पुन्हा उडाला. पत्रिकेच्या कागदावरूनही माझा हात कळतो, म्हणजे तो किती जोरात थरथरत असेल, हा विचार मी किती सहज केला याचं आज आश्चर्य वाटतं.

शेवटी मुलीने टचपॅड पुरता बंद केला आणि माउस लावून दिला. चार दिवस शांततेत गेले. टचपॅडच बंद म्हटल्यावर हात थरथरला तरी कळणार कसं? त्यामुळे काम होत होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

याच दिवसांत एकदा भाजी निवडताना मी मुलीला म्हटलं, “तुझ्या आजोबांना कंपवात होता, माहितीये ना?”

तिने मटार सोलता सोलता विचारलं, “वात म्हणजे गॅस ना? मला पण होतो कधीकधी.”

दिल्लीत वाढलेली मुलगी. घरात मराठी बोलते, पण शब्द गळत जातात. शाळेत, बाहेर सगळं हिंदी. मी तिला नीट सांगू शकले असते. इंग्रजी नाव घेतलं असतं तर तिला तत्क्षणी कळलं असतं. मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. आणि शेंगा पुढे ओढल्या. मला हायसं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. तोंडाने सांगितलं होतं, आणि तरी सांगितलं नव्हतं.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याचा फोन रोज संध्याकाळी सातला येतो, कारखान्यातून खोलीवर पोचला की. मी थोडक्यात बोलून ठेवून द्यायला लागले. शनिवारी तो घरी असला की मी लॅपटॉप उघडतच नसे, आणि चहा त्याच्यासमोर दोन्ही हातांनी घेई. थंडी आहे ना, म्हणे.

मग अहवालाचा गोंधळ झाला. एका सकाळी सिस्टीमने स्वतःला अद्ययावत करून घेतलं, आणि बंद करून ठेवलेला टचपॅड त्यात पुन्हा चालू झाला. मला पत्ता नव्हता. मी प्रकरण पुरं करून दुपारी पाठवून दिलं. दोन दिवसांनी घरून काम करण्याचा आदेश संपला, आम्ही ऑफिसात रुजू झालो, आणि आमच्या उपसंचालक मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर माझं प्रकरण छापून ठेवलेलं होतं. दोन ठिकाणी लाल रेघ.

एका वाक्यात मुळात असं होतं की अमुक दाखला नसलेल्या बायकांनाही अर्ज करता येईल. त्यातला ‘नहीं’ गायब होता. तो वरच्या परिच्छेदात सापडला: ‘सभी पात्र विधवाओं को सहायता नहीं दी जाएगी।’

मी ती ओळ चारदा वाचली. छापायला जायच्या आधी सापडलं, म्हणून बरं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी कर्सरचं सांगितलं असतं, भांडलेही असते. त्यांनी कागद बाजूला सारला आणि हळू आवाजात विचारलं, “आपकी तबीयत ठीक है न?” मी म्हटलं, बिल्कुल ठीक. आणि उजवा हात शालीखाली घेतला. घेतल्यावर लक्षात आलं की मी काय केलं. खिसा नव्हता, शाल होती, एवढाच फरक.

त्या दुपारी मी सरकारी रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

ऑफिसातल्या मशिनवर माझ्या चुका होत नव्हत्या. पण त्याला टचपॅडच नव्हता, त्यामुळे तिथे काहीच सिद्ध होईना. घरी लॅपटॉप मी मिटून कपाटात ठेवला. मुलगी मागे लागली, असा ठेवून काय होणार, कुणाला तरी दाखव. तिची परीक्षा चालू होती, तिला यायला जमत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी करोल बागेतला एक दुरुस्तीवाला सांगितला. दाखवायचं माझ्या मनात नव्हतं. तो माणूस लॅपटॉप तपासणार, हा ठीक आहे म्हणणार, मग उरणार मी. पण मुलीला नाही म्हणायला कारण सापडेना. एका शुक्रवारी अर्धी रजा टाकून लॅपटॉप पिशवीत घातला आणि मेट्रोने गेले.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं, खाली मोटारींच्या सीट कव्हरची दुकानं, जिना अरुंद. आत काचेचा काउंटर, मागे पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला माणूस. गिऱ्हाइकाशी बोलण्यापेक्षा यंत्राशी बोलायला बरं असं वाटणारी माणसं असतात, त्यातला. मी सांगायला सुरुवात केली, टाइप करताना कर्सर उडतो, सेटिंग्ज सगळ्या बघितल्या, वगैरे. तो ऐकत होता की नाही कळेना. त्याने लॅपटॉप काचेवर ठेवला आणि मी माझा हात नेहमीसारखा शालीत घेतला. त्याची नजर खालीच होती.

“कब से हिल रहा है?” त्याने विचारलं.

इतक्या दिवसांत कुणीतरी ओळखलं होतं, तेही एका अनोळखी माणसाने, एका नजरेत. आणि गंमत म्हणजे मला खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“दो महीने से,” मी म्हटलं. “मेरे पिताजी को भी था।”

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं. मग लॅपटॉपच्या कोपऱ्यावर एक बोट दाबलं. दुसरा कोपरा काचेवरून वर उचलला गेला. बोट काढलं, तो टकदिशी खाली आला.

“मैं इसका पूछ रहा हूँ, मैडम।”

काच सपाट होती. टेबलाचा पाय आखूड नव्हता. लॅपटॉपचं पोट फुगलं होतं.

त्याने तो उलटा करून स्क्रू काढले आणि खालचं झाकण उचललं. आत काळ्या चपट्या पिशव्यांसारखी बॅटरी होती. चपटी असायला हवी होती. तिच्यातल्या मधल्या दोन पिशव्या उशीसारख्या टरारल्या होत्या, बरोबर टचपॅडच्या पाठीला टेकलेल्या. त्याने मोजक्या शब्दांत समजावलं. बॅटरी जुनी झाली की कधीकधी अशी फुगते. चार्जिंगला लावून तासन्‌तास वापरली की गरम होते, आणखी फुगते, आणि टचपॅडला आतून दाबते. टचपॅडला वाटतं बाहेरून बोट लागलं. म्हणून बटण जड झालं, म्हणून कर्सर उडतो. गार असली, चार्जर लावलेला नसला, तर कदाचित काहीच होणार नाही. मला पलंगावर मांडी घालून बसलेली मुलगी आठवली, चार्जरशिवाय. वर तो म्हणाला, असा वापरत राहायला नको होता, पेट घेऊ शकतो.

मी विचारलं, “तो मेरे हाथ की वजह से नहीं?”

“हाथ का इसमें क्या है,” तो म्हणाला, आणि बॅटरी अलगद बाहेर काढायला लागला.

मला तिथे एक स्टूल दिसलं, त्यावर बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल दोन मिनिटं. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, कुणावर ते ठरवता येईना. दोन महिने मी ज्या हाताची रोज उलटतपासणी घेत होते त्याच हाताने रोज पोळ्या लाटल्या होत्या, मेट्रोत कडी धरली होती, कागदांवर सह्या केल्या होत्या. आणि राग ओसरेपर्यंत दुसराच प्रश्न उभा राहिला. लॅपटॉपचं कारण कळलं. पण तो कागद? कागदाची कडा तर हलत होती. बॅटरी फुगल्याने ती काही हलली नसणार.

परतीच्या मेट्रोत मला जागा मिळाली आणि मी अख्खा रस्ता उजवा हात मांडीवर उघडा ठेवून बसले. यमुना ओलांडेपर्यंत माझा तीनदा निश्चय झाला की डॉक्टरांची वेळ रद्द करायची, आणि तीनदा मोडला.

घरी मुलीला बॅटरीचं सांगितलं तर ती खूश झाली. मीच बरोबर होते, सेटिंगचा प्रॉब्लेम नव्हताच, असं काहीतरी म्हणाली, जे ती आधी कधीच म्हणाली नव्हती. मग मी तिला बसवलं आणि बाकीचं सांगितलं. या वेळी आजाराचं इंग्रजी नाव घेतलं.

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “त्या दिवशी मटार सोलताना तू मला हे सांगत होतीस?”

“हो.”

“आणि मी गॅस म्हटलं.” तिचे डोळे भरले. “तू मला करेक्ट का नाही केलंस? नेहमी तर करतेस. एक काना चुकला तरी करतेस.”

तिने माझा हात ओढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, जसा काही त्याच्यावर कुठे स्क्रू असेल. डॉक्टरांची वेळ रद्द करायची नाही असं तिनेच ठरवलं, आणि त्या दिवशी स्वतः सोबत आली.

डॉक्टर तरुण बाई होत्या, घाईत, पण हात बघताना घाई नाही केली. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. मनगट फिरवून पाहिलं. कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं, खोलीच्या बाहेरच्या बोळात दोनदा चालवलं. नेटवर वाचून ही चकली मी घरी इतकी गिरवली होती की अगदी सणासुदीची आली. मुलगी दाराशी ओठ चावत उभी.

शेवटी त्यांनी सांगितलं ते असं: हात थरथरतो, थोडासा, दोन्ही. माझा भ्रम नाही. पण ही थरथर वेगळ्या जातीची आहे, हात उचलून धरला की होणारी, आणि ती बऱ्याच लोकांना असते. वडिलांची वेगळी होती, हात स्वस्थ असताना होणारी. थायरॉइडची तपासणी करा, चहा कमी करा. मी विचारलं, म्हणजे मला तो आजार नाही? त्या म्हणाल्या, आज त्याचं एकही लक्षण दिसत नाही. ‘आज’ या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, पण मला तो ऐकू आला. वर्षाने पुन्हा दाखवा, म्हणाल्या. घरच्यांना एवढंच सांगा की चालताना दोन्ही हात सारखे हलतात का त्यावर लक्ष ठेवा, कारण ते स्वतःला कळत नाही.

त्या संध्याकाळी मी नागपूरला आईला फोन केला. ती भावाकडे असते. डॉक्टरांचं तिला सांगितलं नाही. नुसतं विचारलं, बाबांना आपलं आपल्याला कधी कळलं होतं?

आई म्हणाली, क्लास बंद करायच्या दोन वर्षं आधी. मी म्हटलं, आणि तुला?

“त्याच दिवशी. सकाळची वंदना झाली आणि मला म्हणाले, हात माझं ऐकत नाही. तुम्हा मुलांना सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं.” मग तिने विचारलं, “का गं?”

मी म्हटलं, सहज. पण फोन ठेवल्यावर खुर्चीत बसवेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते सगळं एकट्याने वागवत होते, आणि ते मला दिसलं असूनही मी गप्प राहिले. एकटे नव्हते ते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, जिला सांगायचं तिला.

शनिवारी नवरा आला. पायातले बूट काढायच्या आतच मी सगळं सांगायला सुरुवात केली, आणि ते इतकं उलटसुलट सांगितलं की त्याला आधी वाटलं लॅपटॉपने पेट घेतला. मुलीने मधे पडून नीट क्रम लावला. ऐकून तो म्हणाला, काहीतरी आहे हे कळत होतं, फोन दोन मिनिटांत ठेवतेस. वाटलं माझ्यावर रागावलीस, इतक्या लांब राहतो म्हणून. त्याने विचारलं का नाही, असं मी म्हणू शकले असते. पण मी त्या बाबतीत बोलण्यासारखी नव्हते.

नवी बॅटरी बसवलेला लॅपटॉप परत आला आहे. त्यावर मी ते प्रकरण अथपासून इतिपर्यंत पुन्हा तपासलं. कर्सर जिथे ठेवावा तिथे राहतो. आता ज्या चुका होतात त्या माझ्याच, आणि त्या मोजक्या असतात. तरी प्रत्येक ‘नहीं’पाशी मी थांबते, वरचा परिच्छेद बघून येते.

रविवारी सकाळी बऱ्याच दिवसांनी थोडं ऊन पडलं, म्हणून आम्ही दोघं खाली सोसायटीच्या बागेत चालायला गेलो. मी नेहमीसारखी भरभर निघाले. दुसऱ्या फेरीला लक्षात आलं की नवरा शेजारी नाही. वळून पाहिलं तर दहा पावलं मागे, आणि त्याची नजर माझ्या हातांवर. पुढे वळले, पण आता हात कसे हलवायचे तेच मला आठवेना. उजवा जास्त हलला, मग डावा मुद्दाम हलवला, मग दोन्ही परेडसारखे व्हायला लागले. समोरून येणाऱ्या शेजारीणबाईंनी आश्चर्याने पाहिलं.

मी थांबले. तो जवळ आला.

“तुम्ही असं मागून बघत राहिलात तर मला चालता येत नाही,” मी म्हटलं.

“मग लक्ष कसं ठेवू?”

“शेजारून ठेवा.”

तो शेजारी आला, आणि आम्ही तिसरी फेरी सुरू केली. दिवसभर उभ्याने काम करून त्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्याच्या बरोबरीने चालायचं तर मला सावकाश चालावं लागतं. ते मला अजून नीट जमत नाही.